पिकदाणी, बादली आणि दुसरी जागा

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातला राज्यमार्ग 46 कोलंबसहून ब्राउन काउंटीच्या टेकड्यांतून वळणे घेत ब्लूमिंग्टन या विद्यापीठाच्या गावी पोहोचतो. ऑक्टोबरात या टेकड्यांवरचे मेपल आणि ओक रंगले, की नुसता तो रंग पाहायला लांबलांबची माणसे येतात आणि नॅशविल या एवढ्याशा गावापाशी मोटारींची रांग लागते. 2024 च्या हंगामात या रस्त्याने मी आठ वेळा गेले. आठही वेळा शेजारचे आजोबा माझ्या बाजूच्या आसनावर होते आणि आठही वेळा आम्ही सामना जिंकून परतलो. इंडियाना विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाविषयी असे वाक्य लिहिताना अजूनही हात क्षणभर थांबतो. तो का थांबतो, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहिते आहे.

इंडियानातल्या कोलंबसशी माझा संबंध इंजिनांमुळे आला. कमिन्स कंपनी याच गावात 1919 साली सुरू झाली आणि 1962 साली किर्लोस्करांबरोबर तिचा पुण्यातला कारखाना उभा राहिला, त्यामुळे कोथरूड आणि कोलंबस यांच्यात माणसांची ये-जा कित्येक वर्षे चालू आहे. कर्वेनगरच्या कमिन्स महाविद्यालयात शिकलेली माझ्यासारखी मुलगी दोन वर्षांसाठी म्हणून इथे येते आणि सतरा वर्षांनी तिची लेक इथल्याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला असते, यात आमच्याकडे कोणाला नवल वाटत नाही. मात्र या सतरा वर्षांत मी फुटबॉलचा एकही सामना मैदानावर जाऊन पाहिला नव्हता. हेल्मेट घातलेल्या मुलांनी एकमेकांवर आदळायचे, मग सर्वांनी थांबायचे, मग पुन्हा आदळायचे, असा तो खेळ मला दुरून दिसे आणि तो समजून घ्यावा असे कधी वाटले नव्हते.

आजोबांची मैदानावर दोन जागांची हंगामी तिकिटे आहेत. दुसरी जागा आजींची होती. आजी गेल्यानंतरही त्यांनी ती सोडली नाही. नजर अधू झाल्यामुळे मोटार चालवणे सुटले, तेव्हा त्या ऑगस्टमध्ये ते कुंपणापाशी येऊन अतिशय संकोचाने म्हणाले, की तुमची मुलगी तिथे असतेच, तर एखाद्या शनिवारी मला सोडाल का, आणि सोडायचेच असेल तर बसाल का. मुलीला थालीपिठांचा डबा पोहोचवता येईल, एवढ्याच विचाराने मी होकार दिला.

त्या पहिल्या शनिवारी, 31 ऑगस्टला, वाटेत त्यांनी मला खेळ शिकवला. मैदान शंभर यार्डांचे असते. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्याच्या हाती जातो. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाऊन आणि सहा गुण. क्वार्टरबॅक हा सूत्रधार, आणि त्याच्याकडे दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ कधीच नसतो. मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, की आपण हरू, पण दुपार चांगली जाईल.

हे ते निराशेने म्हणाले नव्हते. हा संघ 1887 पासून खेळतो आहे आणि तो हंगाम सुरू झाला तेव्हा देशातल्या वरच्या श्रेणीच्या सर्व संघांमध्ये सर्वाधिक पराभव याच्या नावावर होते. बिग टेन या विद्यापीठांच्या परिषदेचे विजेतेपद त्याला तोवर दोनदाच मिळाले होते: 1945 मध्ये, जेव्हा जॉर्ज टालिआफेरो या संघात होता, जो पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या संघाने निवडलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला, आणि 1967 मध्ये, जेव्हा हा संघ 2024 पर्यंतच्या इतिहासात एकदाच रोझ बोल या मानाच्या सामन्याला गेला आणि 1968 च्या नववर्षदिनी सदर्न कॅलिफोर्नियाकडून 14-3 असा हरला. आजोबा तेव्हा विद्यार्थी होते. त्यानंतरचे सारे आयुष्य त्यांनी त्या एका हंगामाच्या आठवणीवर काढले आहे. एका हंगामात दहा विजय या संघाला कधीच मिळाले नव्हते. अगदी अलीकडचे बोलायचे, तर 2021, 2022 आणि 2023 या तीन वर्षांत मिळून नऊ विजय होते. इंडियाना हे बास्केटबॉलचे राज्य आहे. इथे फुटबॉलच्या दिवशी माणसे वाहनतळावर शेगड्या पेटवून मांस भाजत, मध्यंतरापर्यंत सामना पाहत आणि पुन्हा शेगडीकडे वळत. आजोबा-आजी मात्र शेवटच्या मिनिटापर्यंत बसून राहणाऱ्या थोड्या लोकांपैकी होते.

मला हे सारे फार लवकर कळले, कारण मी कोल्हापूरची आहे. आमच्याकडचा फुटबॉल पायांनी खेळायचा, पण पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावे तालमींची असली तरी प्रत्यक्षात ती माणसांच्या राहण्याची, नात्यांची आणि भांडणांची नावे आहेत, हे शाहू स्टेडियमवर मामाबरोबर बसलेल्या कोणत्याही मुलीला शिकवावे लागत नाही. आपल्या पेठेचा संघ हरला की मामा घरी येऊन न बोलता जेवायचा आणि मामी त्याच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी वाढायची. हरणाऱ्या संघाचे असणे म्हणजे काय, हे मी तिथे पाहिले होते. म्हणून मेमोरियल स्टेडियमच्या त्या बाकावर, जिथे आजींची उशी अजून आजोबा स्वतः घेऊन येतात, बसताना मला परके वाटले नाही.

नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी नोव्हेंबर 2023 अखेरीस नेमले गेले होते. त्यांची वाट मला विशेष वाटते. वडील प्रशिक्षक. स्वतः अलाबामा विद्यापीठात निक सेबन या नामवंत प्रशिक्षकाच्या हाताखाली चार वर्षे काढलेली. तिथे राष्ट्रीय विजेतेपद पाहिल्यानंतर, 2011 मध्ये, त्यांनी कमी पगारावर पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या श्रेणीच्या एका विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षकपद घेतले. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने दोन पायऱ्या खाली उतरून पुन्हा चढायला सुरुवात करणे ही सोपी गोष्ट नव्हे. तिथून ते इलॉन विद्यापीठात गेले, मग जेम्स मॅडिसन विद्यापीठात, आणि मुख्य प्रशिक्षक म्हणून एकाही हंगामात त्यांचे पराभव विजयांहून अधिक झाले नाहीत. ब्लूमिंग्टनला आल्यावर पत्रकारांनी त्यांना विचारले, की इथे यायला तुम्ही खेळाडूंना कसे पटवता, तेव्हा त्यांचे उत्तर होते, 'मी जिंकतो. गूगल करून पाहा.' आजोबांना हे उत्तर आवडले नव्हते. इंडियानाच्या शेतकरी वळणाच्या माणसांना असे बोलणे पचत नाही.

त्याहून त्यांना खटकत होती ती दुसरी गोष्ट. सिग्नेटींनी जेम्स मॅडिसनहून तेरा खेळाडू आपल्याबरोबर आणले. एडन फिशर, मिकेल कमारा, जेम्स कार्पेंटर, डीअँजेलो पाँड्स, एलायजा सॅरट ही नावे नोव्हेंबरपर्यंत माझ्या तोंडी झाली, पण ऑगस्टमध्ये ती आजोबांनाही नवी होती. क्वार्टरबॅक कर्टिस रोर्क तर कॅनडातल्या ओकव्हिलचा, ओहायो विद्यापीठात अनेक हंगाम खेळून शेवटच्या एका वर्षासाठी आलेला. 2021 नंतर महाविद्यालयीन खेळाचे नियमच बदलले आहेत: खेळाडू आपल्या नावावर पैसे मिळवू शकतो आणि ट्रान्सफर पोर्टलमध्ये नाव घालून पुढच्या वर्षी दुसऱ्या विद्यापीठात जाऊन लगेच खेळू शकतो. 1967 च्या संघातली मुले आपल्या वर्गात बसत, आपल्याच वसतिगृहात जेवत, असे आजोबा सांगत. ही मुले आली कुठून आणि जाणार कुठे, हे त्यांना कळत नव्हते. 'हे आपले आहेत का?' असा प्रश्न त्यांनी पहिल्या सामन्यानंतर मला खरोखरच विचारला, आणि मला मामा आठवला. कोल्हापूरच्या संघांनी बाहेरगावचे, पुढे परदेशातलेही खेळाडू घ्यायला सुरुवात केली, तेव्हा मामानेही घरात हाच प्रश्न विचारला होता.

माझ्यापाशी त्या वेळी उत्तर नव्हते. मी स्वतः एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली बाई आहे आणि 'आपले' या शब्दात मी बसते की नाही, हे सतरा वर्षांत मला कोणी स्पष्ट सांगितलेले नाही. त्यामुळे त्या प्रश्नाने मला जरा दुखावले, हेही इथे लिहिले पाहिजे. आजोबांच्या मनात तसे काही नव्हते. ते मैदानाकडे पाहत होते.

हंगामाची सुरुवात सहज झाली. फ्लोरिडा इंटरनॅशनलविरुद्ध 31-7, वेस्टर्न इलिनॉयविरुद्ध 77-3. मग संघ कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाला गेला आणि ज्या रोझ बोल मैदानावर 1968 मध्ये हरला होता, त्याच मैदानावर यूसीएलए या विद्यापीठाच्या संघाला त्याने 42-13 असे हरवले. ती रात्र आजोबांनी माझ्याकडे दूरचित्रवाणीसमोर काढली. सामना संपल्यावर ते बराच वेळ पडद्यावरच्या त्या टेकड्यांकडे आणि रिकाम्या होत जाणाऱ्या बाकांकडे पाहत बसले. मी चहा केला. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आले घातलेला चहा घेतला आणि तो संपवला.

मेरीलँड हरले. मग नॉर्थवेस्टर्न हरले. सहा विजय झाले की हंगामानंतरच्या सामन्याची पात्रता मिळते, आणि ऑक्टोबरच्या पाच तारखेलाच ते सहा पुरे झाले. नेब्रास्काविरुद्ध 56-7 जिंकताना रोर्कचा अंगठा दुखावला आणि बाकांवर एकदम जुनी शांतता पसरली. त्या मैदानाने दर वर्षी काहीतरी मोडतानाच पाहिले होते. पुढच्या आठवड्यात वॉशिंग्टनविरुद्ध टेव्हन जॅक्सन त्याच्या जागी उभा राहिला, पाँड्सने समोरच्यांचे दोन फेक अडवले, त्यांतला एक थेट टचडाऊनपर्यंत पळवला, आणि संघ 31-17 जिंकला. त्याच सकाळी 'कॉलेज गेमडे' हा दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम ब्लूमिंग्टनहून प्रक्षेपित झाला होता आणि माझी मुलगी त्या गर्दीत उभी राहण्यासाठी पहाटेच मैत्रिणींबरोबर बाहेर पडली होती. थालीपिठे तशीच राहिली, ती आम्ही दोघांनी मध्यंतरात खाल्ली.

2 नोव्हेंबरला मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या मैदानावर संघ 10-0 असा मागे पडला. त्या हंगामात तो पहिल्यांदाच मागे पडत होता, म्हणजे आठ सामने तो एक क्षणही पिछाडीवर नव्हता. मग त्याने एकामागून एक 47 गुण केले आणि समोरच्याला एकही करू दिला नाही. अंगठ्याच्या शस्त्रक्रियेनंतर परतलेल्या रोर्कचे चार टचडाऊन त्यात होते. या दोन विद्यापीठांतल्या सामन्याचे पारितोषिक म्हणजे एक जुनी पितळी पिकदाणी आहे आणि ते 1950 पासून चालू आहे. माझ्या आजोळी माडीच्या कोपऱ्यात तसलीच एक पिकदाणी होती. घामाने डबडबलेली दांडगी मुले ती डोक्यावर उचलून नाचत आहेत, हे दृश्य पाहून मला माझ्या आजोबांची इतकी तीव्र आठवण आली, की मी उठून स्वयंपाकघरात गेले.

मिशिगन या दुसऱ्या विद्यापीठाशी सामना 9 नोव्हेंबरला झाला, आणि त्याविषयी मला सावकाश लिहायचे आहे. मिशिगन म्हणजे आदल्या हंगामाचे राष्ट्रीय विजेते. त्या वर्षी त्यांचे बळ कमी झाले होते, तरी ते नाव समोर आले की इथल्या माणसांचे खांदे आपोआप खाली येतात. मैदान तुडुंब भरले होते. शेगड्यांकडे कोणी परतणार नाही, हे पहिल्या पाच मिनिटांतच कळले. मध्यंतराला संघ 17-3 असा पुढे होता. मग हिवाळ्याचा लवकर येणारा काळोख पडला, दिवे लागले, आणि संघाचा हल्ला जणू जागीच गोठला. तीन प्रयत्न, मग चौथा वाया न घालवता चेंडू लाथेने दूर लोटणे. पुन्हा तीन प्रयत्न, पुन्हा लोटणे. मिशिगन थोडे थोडे करत 17-15 पर्यंत आले. बरोबरीसाठी त्यांना टचडाऊननंतर मिळणारा दोन गुणांचा एकच प्रयत्न होता. आजोबांनी डोळे मिटले. ते नक्की काय ऐकत होते, ते मला माहीत आहे: ते साठ वर्षे ऐकत आलेले होते तोच आवाज येण्याची वाट पाहत होते. तो आला नाही. प्रयत्न फसला आणि आमच्या मागच्या रांगेतल्या एका धिप्पाड माणसाने हमसून रडायला सुरुवात केली.

शेवटच्या काही मिनिटांत निको रॅडिसिचने फील्ड गोल मारला, म्हणजे लाथेने चेंडू खांबांमधून पार केला, त्याचे तीन गुण मिळून 20-15 झाले, आणि त्यानंतर बचावफळीने मिशिगनला पुढे येऊ दिले नाही. त्या फळीत फिशर, कमारा, कार्पेंटर होते, म्हणजे जेम्स मॅडिसनहून आलेली ती मुले, ज्यांची नावे आजोबांना ऑगस्टमध्ये येत नव्हती. शेवटच्या काही प्रयत्नांत ते उभे राहून प्रत्येकाला त्याच्या पहिल्या नावाने हाक मारत होते, जशी अंगणात खेळणाऱ्या घरच्या मुलांना मारावी. दहा सामने, दहा विजय. 1887 पासून जे झाले नव्हते ते झाले होते. परतताना ब्राउन काउंटीच्या काळ्या टेकड्यांतून आम्ही एक शब्दही बोललो नाही. घरापाशी उतरताना त्यांनी आजींची उशी माझ्याकडे दिली आणि म्हणाले, की ही तुझ्याच गाडीत राहू दे.

ओहायो स्टेटचा सामना मी थोडक्यात सांगते, कारण त्यात फारसे काही नव्हते. पहिला टचडाऊन आमचा होता. मग मध्यंतराआधी चेंडू लाथाडायच्या वेळी गोंधळ झाला, मध्यंतरानंतर केलेब डाउन्सने आमची एक लाथ 79 यार्ड परत पळवली, रोर्क पाच वेळा जमिनीवर पाडला गेला आणि 38-15 असा पराभव झाला. अनेक जाणकारांनी लगेच लिहिले, की या संघाचे आधीचे विजय सोप्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे होते. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. पण हा संघ स्वतःच ज्यांचा सोपा प्रतिस्पर्धी होता, असे एकशे सदतीस वर्षांचे सामने त्यांनी हिशेबात धरले नव्हते.

पर्ड्यूचे नाव आमच्या कोलंबसमध्ये जपून घ्यावे लागते. अभियांत्रिकीचे विद्यापीठ असल्याने आमच्या कचेरीत तिथे शिकलेली माणसे पुष्कळ, त्यांत मराठीही आहेत, आणि थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात कोण कोणत्या रंगाचा सदरा घालतो यावरून दोन तट पडतात. या सामन्याचे पारितोषिक आहे ओकच्या लाकडाची एक जुनी बादली. इंडियानातल्याच एका शेतावर सापडलेल्या या बादलीला दर वर्षी विजेत्याच्या आद्याक्षराची एक ब्राँझची कडी जोडतात. 1925 मध्ये पहिलाच सामना 0-0 असा बरोबरीत सुटला, म्हणून साखळीची पहिली कडी दोन्ही अक्षरांची आहे. मागची तीन वर्षे बादली पर्ड्यूकडे होती. 30 नोव्हेंबरच्या त्या गारठलेल्या रात्री इंडियानाने 66-0 असा विजय मिळवला, रोर्कने सहा टचडाऊन फेकले, आणि शेवटी शेवटी मला समोरच्या मुलांकडे पाहवेना. त्यांच्याही बाकांवर कोणीतरी उशी घेऊन आलेले आजोबा असतील. आमच्या आजोबांनी मात्र त्या रात्री एकही गुण वाया जाऊ दिला नाही; प्रत्येक टचडाऊनला ते उभे राहिले.

त्या वर्षी राष्ट्रीय विजेतेपदासाठी पहिल्यांदाच बारा संघ निवडले गेले आणि त्यांत इंडियाना होते. 20 डिसेंबरला साउथ बेंडमध्ये, गोठवणाऱ्या थंडीत, नोत्र दामशी गाठ पडली. एकाच राज्यातली ही दोन विद्यापीठे 1991 नंतर एकमेकांविरुद्ध खेळलीच नव्हती. पहिल्याच भागात जेरेमाया लव्ह 98 यार्ड धावला आणि सामन्याचा रंग ठरून गेला. 27-3 अशी पिछाडी झाल्यावर, आता पाहण्यासारखे काही उरलेले नसताना, आमच्या मुलांनी शेवटच्या दोन मिनिटांत दोन टचडाऊन केले आणि 27-17 वर हंगाम संपवला. अकरा विजय, दोन पराभव. आजोबांनी पडदा बंद केला नाही. मैदानावरची मुले हेल्मेट काढून एकमेकांना भेटत होती, त्यांतली किती परत दिसतील ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हते, आणि ती बोगद्यात शिरेपर्यंत आम्ही पाहत राहिलो.

नंतर कळले, की रोर्क तो सबंध हंगाम गुडघ्याचा स्नायुबंध फाटलेला असताना खेळला. तेरांपैकी बारा सामने, 29 टचडाऊन, अंगठ्याची शस्त्रक्रिया आणि तो गुडघा. जिथे तो जन्मला नाही, जिथे तो वाढला नाही आणि जिथे तो एकच वर्ष राहणार होता, त्या गावासाठी. मी ती बातमी आजोबांना वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली, आणि दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर म्हणाले, 'आपला पोरगा.'

आता 2025 चा मार्च आहे आणि राज्यमार्ग 46 वर रेडबडच्या फांद्यांना कळ्या धरू लागल्या आहेत. हंगामी तिकिटांच्या नूतनीकरणाचा कागद मागच्या आठवड्यात आला. आजोबांनी तो माझ्या स्वयंपाकघरातल्या मेजावर उलगडला, चष्मा पुसला आणि पहिल्या जागेपुढे आपले नाव लिहिले. दुसऱ्या जागेपुढे आजींचे नाव छापलेलेच होते. त्यावर त्यांनी रेघ मारली नाही. त्याच्या खाली, मोकळ्या जागेत, माझे नाव कसे लिहायचे ते एकेक अक्षर विचारून त्यांनी सावकाश लिहिले. दुसऱ्या जागेचे पैसे या वर्षी मी भरले आहेत.